तीन धनी, एक प्राध्यापक

गोव्यातील करंझाळे येथील एका शाळेने १९७५ मध्ये एका शिक्षिकेची नोकरी संपवली. त्या मजूर आयुक्तांकडे गेल्या. तडजोड झाली नाही आणि हा वाद औद्योगिक न्यायाधिकरणाकडे पाठवायला गोवा सरकारने नकार दिला. उच्च न्यायालयातही त्यांच्या पदरी काही पडले नाही. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ए. सुंदरांबाल विरुद्ध गोवा सरकार’ या खटल्याचा निकाल दिला. शाळा हा ‘उद्योग’ आहे, पण तिथे शिकवणारा शिक्षक ‘कामगार’ नाही, असे त्यात ठरले. शिकवणे हे अंगमेहनतीचे, कुशल, तांत्रिक, देखरेखीचे किंवा कारकुनी यांपैकी कोणत्याच प्रकारचे काम नाही, ते एक उदात्त व्रत आहे, असा त्यामागचा युक्तिवाद होता. याच न्यायाने त्याच इमारतीतील कारकून आणि शिपाई कामगार ठरू शकतात, शिक्षक मात्र नाही.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांमधल्या नोकरीच्या भांडणांचा आढावा या गोव्याच्या खटल्यापासून सुरू करण्याचे कारण साधे आहे. त्यानंतर देशभरातील प्राध्यापकांसाठी औद्योगिक विवाद कायद्याचे दार बंद झाले. दुसरे कोणते दार उघडे आहे, हे शोधण्यात प्राध्यापकांच्या अनेक पिढ्या खर्ची पडल्या, आणि आजची तासिका तत्त्वावरची, म्हणजे तासाच्या मानधनावर शिकवणारी पिढीही त्याच शोधात आहे.

शिक्षणाला उद्योग म्हणायचे की नाही, या वादाची वाटही सरळ नाही. दिल्ली विद्यापीठ विरुद्ध रामनाथ या खटल्यात १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालय ‘नाही’ म्हणाले. बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात १९७८ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालपत्राने ‘उद्योगा’ची व्याख्या रुंदावली आणि विद्यापीठे त्यात आली. १९८२ मध्ये संसदेने शिक्षणसंस्थांना व्याख्येतून वगळणारी दुरुस्ती संमत केली, पण तो भाग अमलात आणण्याची अधिसूचनाच कधी निघाली नाही. बंगळूर निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आला. वकिलांसाठी हा वाद रसाळ आहे. प्राध्यापकाला त्यातून काही मिळत नाही, कारण उद्योगाची व्याख्या कितीही रुंद झाली तरी कामगाराच्या व्याख्येत तो बसत नाही.

मग त्याचा मालक कोण? माझ्या मते महाराष्ट्रातील सगळ्या गुंत्याचे मूळ या प्रश्नात आहे. अनुदानित महाविद्यालयात नेमणुकीचे पत्र संस्था देते. त्या नेमणुकीला मान्यता विद्यापीठ देते. पगार राज्य सरकार देते आणि वेतननिश्चिती उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात होते. पात्रतेचे नियम विद्यापीठ अनुदान आयोग दिल्लीत बसून करतो. काही बिघडले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. संस्था म्हणते अनुदान आले नाही, सहसंचालक म्हणतात विद्यापीठाची मान्यता दाखवा, विद्यापीठ म्हणते आरक्षणाची बिंदुनामावली तपासून आणा. एक फाइल या तीन टेबलांवर वर्षानुवर्षे फिरते आणि ज्याच्या नावाची ती असते त्याचे वय वाढत जाते. तीन धनी असूनही जबाबदारी घ्यायला कोणी नाही, अशी नोकरी बाहेर फारशी सापडणार नाही.

सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांचा प्रश्न हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. आयोगाने १९९१ मध्ये पात्रता परीक्षा आणली. महाराष्ट्रात त्यानंतरही संस्थांनी जाहिराती दिल्या, विद्यापीठांच्या प्रतिनिधींनी मुलाखती घेतल्या आणि पदव्युत्तर पदवी असलेल्या, पण परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या उमेदवारांना नेमले. सरकारने त्यांना पगारही दिला. पुढे मात्र पदोन्नतीच्या वेळी, निवृत्तिवेतनाच्या वेळी, बदलीच्या वेळी ‘तुम्ही अपात्र’ हे शब्द त्यांना ऐकावे लागले. २३ ऑक्टोबर १९९२ ते ३ एप्रिल २००० या काळात नेमलेल्या या शिक्षकांचा प्रश्न प्राध्यापक महासंघाने, म्हणजे एमफुक्टोने, लावून धरला. २०१३ च्या फेब्रुवारीत परीक्षेच्या कामावर बहिष्कार सुरू झाला. तो मे महिन्यापर्यंत चालला आणि उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर संपला. त्याच वर्षी २७ जूनला सरकारने या शिक्षकांच्या सेवा नियमित करणारा निर्णय काढला. पण नियमित कधीपासून? मूळ नेमणुकीपासून की शासन निर्णयापासून? या एका प्रश्नावर पुन्हा याचिकांची रांग लागली, कारण १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाही. तारीख कुठली धरायची यावर माणसाचे म्हातारपण ठरणार होते.

बहिष्काराच्या काळातील ७१ दिवसांचा पगार सरकारने रोखला. शिक्षक वर्गात शिकवत होते, परीक्षेचे काम तेवढे करत नव्हते, मग सगळा पगार कसा कापता, हा संघटनेचा मुद्दा न्यायालयात गेला. ते पैसे मिळेपर्यंत बरीच वर्षे उलटली. त्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांचे निकाल रखडले आणि पालकांचा राग प्राध्यापकांवर निघाला, ही गोष्टही नाकारता येत नाही. परीक्षा हे प्राध्यापकांच्या हातातील एकमेव हत्यार आहे आणि ते नेमके विद्यार्थ्याच्या मानेवरून चालते. तरी मी त्या आंदोलनाला दोष देणार नाही. वीस वर्षे निवेदने देऊन जे झाले नाही, ते तीन महिन्यांत झाले.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची कथा याहून कमी सांगितली जाते. त्यांच्या सेवाशर्तींसाठी १९८४ ची प्रमाण संहिता आहे. लेखी नियम असूनही सातव्या वेतन आयोगाचे आणि आश्वासित प्रगती योजनेचे लाभ त्यांच्यापर्यंत नीट पोहोचले नाहीत. म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला आणि विद्यापीठांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालयातील मदतनीस, परीक्षा विभागातील लिपिक यांच्याशिवाय विद्यापीठ एक दिवसही चालत नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळले.

आता तासिका तत्त्व. सीएचबी (क्लॉक अवर बेसिस) ही तीन अक्षरे महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयात उच्चारली की समोरचा माणूस सुस्कारा सोडतो. योजना मुळात तात्पुरती होती. कोणी दीर्घ रजेवर गेले, एखाद्या विषयाचे थोडे तास उरले, तर बाहेरचा शिक्षक घ्यायचा आणि तासाप्रमाणे मानधन द्यायचे. भरतीवर बंदी येत गेली, निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या, आणि ही तात्पुरती सोय हाच कारभार झाला. मध्येच ३,५८० पदे भरायला २०१८ मध्ये परवानगी मिळाली. ती भरती पूर्ण होण्याआधीच करोनाच्या काळात पुन्हा बंदी आली. २०२१ मध्ये २,०८८ पदांची वाट मोकळी झाली. या आकड्यांच्या मधल्या वर्षांत पीएच.डी. झालेले, सेट-नेट उत्तीर्ण झालेले हजारो तरुण दर जूनमध्ये नव्याने मुलाखत देत राहिले.

दरांचा हिशेब करून पाहा. पदवी वर्गाच्या एका व्याख्यानाला २०१८ मध्ये ५०० रुपये ठरले, २०२१ मध्ये ६२५ आणि २०२३ मध्ये ९००. आठवड्याला नऊ तासांची मर्यादा. म्हणजे पूर्ण आठवडा भरला तर ८,१०० रुपये. चार आठवडे सलग भरले तर ३२,४००. पण दिवाळीची सुट्टी, परीक्षेचे दिवस, उन्हाळा, निवडणुकीसाठी वर्गखोल्या ताब्यात गेल्याचे दिवस यांचे काहीच मिळत नाही. जुलैत शिकवायला सुरुवात केली आणि ऑगस्टच्या अखेरीस मान्यता आली, तर मधल्या तासांचे काय, हा वाद वेगळाच. आणि पैसे दरमहा येत नाहीत. कित्येक ठिकाणी ते सत्र संपल्यावर, कधी वर्ष संपल्यावर एकदम जमा होतात. शेजारच्या वर्गात तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या नव्या पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपये असते, भत्ते वेगळे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्येच अतिथी शिक्षकासाठी व्याख्यानाला १,५०० रुपये, महिन्याला ५०,००० रुपयांपर्यंत, अशी शिफारस केली होती. कंत्राटी शिक्षकांचे प्रमाण एकूण शिक्षकांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, हे आयोगाच्याच २०१० च्या आणि २०१८ च्या नियमांत लिहिले आहे. ज्या विभागात एकही पूर्णवेळ माणूस उरलेला नाही, तिथे हा नियम कोणी कोणाला वाचून दाखवायचा?

तासाचे पैसे मोजणाऱ्या या पद्धतीत न मोजलेले काम किती असते, हे स्टाफरूममध्ये बसलेल्या कोणालाही विचारा. महाविद्यालयाचे मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार म्हटली की फाइली तयार करतो तो सीएचबीवाला. प्रवेशाच्या काळात गावोगाव फिरून विद्यार्थी आणतो तोच. युवक महोत्सवाला मुले घेऊन जातो तोही तोच. नाही म्हणायची सोय नसते, कारण पुढच्या जूनमध्ये बोलावणे येणार की नाही हे प्राचार्यांच्या हातात असते. शिक्षिकांच्या बाबतीत यात आणखी एक भीती असते. गरोदरपणाची बातमी कळली की पुढच्या सत्राचे तास दुसऱ्याला जातात. यावर कायदा मुका नाही. कविता यादव खटल्यात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंत्राटी नेमणुकीची मुदत संपली तरी मातृत्व लाभ त्या मुदतीपलीकडेही द्यावा लागतो. खटला दिल्लीतील एका डॉक्टरचा होता, पण तत्त्व महाविद्यालयालाही लागू पडते. ते मागायची हिंमत करणारी तासिका प्राध्यापिका मात्र मला अजून भेटायची आहे.

महाराष्ट्रात प्राध्यापकाला न्यायाधिकरण नाही, असे नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात ते होते आणि २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातही आहे. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती, ज्येष्ठता डावलणे यांविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. टी. एम. ए. पै खटल्यात २००२ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने खासगी संस्थांना बरीच मोकळीक दिली, पण त्याच निकालात जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या अधिकाऱ्याचे शैक्षणिक न्यायाधिकरण हवे, असेही सांगितले. संस्थाचालकांना त्या निकालाचा पहिला भाग तोंडपाठ असतो. अडचण अशी की तासिका शिक्षकाला कोणी काढून टाकतच नाही. त्याची नेमणूक आपोआप संपते. काढल्याचा आदेश नाही म्हणून अपील नाही, आणि कामगार नाही म्हणून कामगार न्यायालयही नाही. उरते उच्च न्यायालयातील रिट याचिका, तिचा खर्च आणि तिची वर्षे.

तिथेही सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा उमादेवी निकाल आडवा येई. भरतीची रीतसर प्रक्रिया डावलून आलेल्यांना कायम करता येणार नाही, असे त्यात ठरले होते आणि तत्त्व म्हणून ते चुकीचे नव्हते. पण वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवून काम करून घेण्याची ती ढाल झाली. अलीकडे न्यायालयाचा सूर बदलला आहे. जगजीत सिंग खटल्यात २०१६ मध्ये तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतनाचे तत्त्व लागू झाले. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात उमादेवीचा आधार घेऊन दीर्घकाळच्या कर्मचाऱ्यांची पिळवणूक करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना, जे महिना ३०,००० रुपयांवर काम करत होते, सहायक प्राध्यापकाच्या श्रेणीतील किमान वेतन देण्याचा आदेश झाला. गेल्या अनेक वर्षांत या क्षेत्रात आलेला हा सर्वांत महत्त्वाचा निकाल आहे असे मला वाटते. गुजरातच्या त्या शिक्षकांना निदान महिन्याचे मानधन होते. आपल्याकडे तासाचे तुकडे करून ‘समान काम’ कधी दिसूच नये अशी व्यवस्था आहे.

विनाअनुदानित महाविद्यालयांबद्दल थोडक्यात. १९८३ नंतर वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातून हजारो अभियंते तयार झाले, हे खरे. त्या शिक्षकांचा पगार मात्र विद्यार्थ्यांच्या शुल्कावर टांगलेला राहिला. जागा रिकाम्या पडू लागल्या तसे पगार थकू लागले. कागदावर पूर्ण वेतनश्रेणी आणि हातात त्याहून बरेच कमी, ही तक्रार या क्षेत्रात इतकी जुनी आहे की नवा उमेदवार ती ऐकूनच रुजू होतो. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा शिक्षणसंस्थांना १९८२ पासून लागू आहे, तरी वर्गणी भरली की नाही हे शिक्षकाला अनेकदा नोकरी सोडतानाच कळते.

उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, हे मात्र जिंकलेल्या लढाईचे उदाहरण. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की त्या कायद्याच्या व्याख्येत शिक्षक बसत नाहीत. म्हणजे पुन्हा सुंदरांबालचीच वाट. या वेळी संसद जागी झाली. २००९ मध्ये दुरुस्ती करून ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांना हा हक्क दिला गेला. खासगी शाळांच्या संघटनांनी तिला आव्हान दिले आणि २०२२ मध्ये न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. व्याख्या बदलता येते, हे त्यातून सिद्ध झाले. मग तासिका शिक्षकाची व्याख्या बदलायला काय अडते? सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात न्यायाधिकरणाच्या तरतुदीत एक वाक्य घातले, की सलग सत्रे शिकवणाऱ्याला पुढची नेमणूक नाकारणे हीही सेवासमाप्ती समजावी, तर निम्मी मनमानी थांबेल. यासाठी सरकारला तिजोरीही उघडावी लागणार नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. मुदतबंद नोकरी करणाऱ्याला वर्षभराच्या सेवेनंतर उपदान देण्याची तरतूद त्यात आहे. ‘कामगार’ या शब्दाची व्याख्या जवळपास जुनीच राहिली आहे, पण सामाजिक सुरक्षा संहितेतील ‘कर्मचारी’ ही व्याख्या बरीच रुंद आहे. नऊ महिन्यांच्या, मध्ये खंड पाडलेल्या तासिका नेमणुका त्यात बसवता येतील का, यावर पुढची लढाई होणार. त्या लढाईला कागद लागतील. म्हणून तासिका तत्त्वावरच्या प्रत्येक तरुण मित्र-मैत्रिणीला माझे सांगणे आहे: नेमणुकीच्या पत्राची, प्राचार्यांच्या सहीच्या वेळापत्रकाची आणि हजेरीपटाच्या पानाची छायाप्रत दर महिन्याला काढून घरी ठेवा. नॅकच्या, प्रवेशाच्या, परीक्षेच्या कामाचे आदेश तोंडी दिले तर ते ईमेलवर मागा. आणि बँकेत पैसे जमा झाल्याच्या नोंदी पुसू नका. उच्च न्यायालयात पहिला प्रश्न हाच येतो, की तुम्ही तिथे शिकवत होता, हे कशावरून?