साहसांचा धावदोरा

‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं तळघरात टेबलाभोवती बसून काय खेळत असतात, हे शोधता शोधता तुमच्यापैकी कुणी ना कुणी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पर्यंत पोचलं असेलच. नसाल पोचलात, तर थोडक्यात ऐका. एक जण डीएम, म्हणजे आपल्या भाषेत सूत्रधार. बाकीच्या चार-पाच जणांकडे एकेक पात्र. समोर काय आहे ते सूत्रधार सांगतो, आपलं पात्र काय करतं ते तुम्ही सांगता, आणि जमलं का फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ बाजारात आला आणि टेबलटॉप रोलप्लेइंग नावाचं अख्खं प्रकरण तिथून सुरू झालं.

पण आज बोलायचंय ते पहिला डाव संपल्यानंतरच्या पंचाइतीबद्दल. बहुतेकांची सुरुवात स्टार्टर सेटने होते. २०१४च्या सेटमधलं ‘लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर’ घ्या. पहिल्या लेव्हलपासून पाचव्यापर्यंत मस्त नेतं, आणि मग संपतं. ग्रुप रंगात आलेला असतो, कुणालाच आपलं पात्र सोडायचं नसतं आणि सगळे डीएमकडे बघतात. डीएमच्या डोक्यावर जर्नल्स आणि सबमिशन्स. वर्षभर पुरेल अशी गोष्ट स्वतः लिहायला वेळ कुणाला? मग सरळ मार्ग एकच, छापील तयार साहसं आणायची आणि एकापुढे एक जोडून त्यांचं एक लांबलचक कॅम्पेन करायचं.

यात कमीपणा काही नाही. गोधडीसुद्धा जुन्या लुगड्यांचीच असते. मात्र एक लक्षात घ्या. पुस्तक ज्याने लिहिलं त्याला तुमचा ग्रुप माहीत नाही. त्यातला किल्ला, खलनायक, खजिना सगळं त्याचं. तुमचं स्वतःचं काय, तर दोन साहसांमधला सांधा. तो ओढूनताणून दिलात, की पोरांना कळतं की मागच्या महिनाभरात आपण जे केलं त्याने काहीच फरक पडला नाही. एकदा ते कळलं, की शनिवारी दुपारी ‘आज नाही जमणार रे’ असे मेसेज यायला लागतात. कॅम्पेन ड्रॅगनमुळे क्वचितच मरतं. मरतं ते असं.

सगळ्यात सोपा सांधा आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. वेताळ पंचविशी. विक्रम प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, विक्रम बोलतो, वेताळ परत झाडावर. गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, त्यांना बांधून ठेवते ती बाहेरची चौकट. ‘टेल्स फ्रॉम द यॉनिंग पोर्टल’ (२०१७) हे पुस्तक असंच आहे. त्यात सात जुनी साहसं आहेत आणि चौकट आहे वॉटरडीप शहरातल्या एका खानावळीची, जिच्या मधोमध थेट पाताळात उतरणारी विहीर आहे. ‘कँडलकीप मिस्टरीज’मध्ये (२०२१) सतरा साहसं आणि चौकट एका प्रचंड ग्रंथालयाची. ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’मध्ये (२०२२) तेरा. त्यातलं ‘इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा’ हे बंगालच्या नदीकाठाची सावली असलेलं साहस आपल्याकडच्या मिमी मोंडल यांनी लिहिलंय, ते आवर्जून खेळा.

ज्या ग्रुपात दर वेळी कुणीतरी गैरहजर असतं, त्यांना ही चौकट वरदान आहे. आज तिघं आले, तिघांची गोष्ट. पण तिचा दोषही तिथेच आहे. पंचविशीतली सातवी गोष्ट नववीच्या जागी ठेवली तरी काही बिघडत नाही. मग तरीही आपण शेवटपर्यंत का ऐकतो? कारण चौकटीलाही स्वतःचा डाव आहे. ज्या जोग्यासाठी विक्रम हा खटाटोप करतोय, तो विक्रमाचाच बळी देणार असतो आणि हे शेवटी वेताळच सांगतो. तुमच्या खानावळीलाही असं काहीतरी हवं. यॉनिंग पोर्टलचा मालक डर्नन स्वतः तरुणपणी त्या विहिरीत उतरून श्रीमंत होऊन वर आलेला माणूस आहे. तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना नवनवीन मोहिमांच्या बातम्या का पुरवतो? खाली त्याचं काय राहून गेलंय? एवढं उत्तर तुम्ही मनाशी ठरवलंत तरी चौकट जिवंत होते.

दुसरा मार्ग धाग्याचा. तो फार जुना आहे. १९७८ मध्ये गायगॅक्सने जायंट लोकांवरची तीन छोटी साहसं काढली. टेकडीवरचे जायंट, मग बर्फातले, मग आगीतले. गावांवर हल्ले करणाऱ्या या जायंटना फूस कोणाची, हा प्रश्न तिन्हींतून सरकत जातो आणि तिसऱ्यात उत्तर मिळतं: जमिनीखाली राहणारे ड्राउ. त्याच वर्षी त्यांच्या पाताळावरची पुढची तीन आली आणि १९८० मध्ये शेवटचं, कोळ्यांच्या राणीवरचं. १९८६ मध्ये ही सातही ‘क्वीन ऑफ द स्पायडर्स’ म्हणून एका पुस्तकात बांधली गेली. जायंट ते ड्राउ हा सांधा आजही शिकण्यासारखा आहे, कारण तो खेळाडूंना कुणी सांगत नाही, त्यांनाच तो सापडतो. शेवटचा सांधा मात्र कच्चा. आधीच्या भागांत ड्राउंमधलं एक घराणं कोळ्यांच्या राणीला सोडून दुसऱ्याच एका प्राचीन देवाकडे वळलंय असं दाखवलं होतं. शेवटच्या भागात तो धागा गायब, आणि राणीचा मुक्काम एका अवाढव्य यांत्रिक कोळ्यात! मूळ लेखकांच्या घरातसुद्धा टाके उसवतात, तर आपलं काय घेऊन बसलात.

आता प्रत्यक्ष शिवून बघू. (डीएम नसाल, तर इथे पान उलटा. पुढे गुपितं आहेत.)

यॉनिंग पोर्टलमधलं पहिलं साहस ‘द सनलेस सिटाडेल’, मूळ २००० सालचं. ओकहर्स्ट गावातल्या केरोविन ह्युक्रेल या व्यापारी बाईंची मुलं एका दरीत खचलेल्या गढीत गेली ती परतलीच नाहीत. तुम्ही शोधायला जाता. आत गॉब्लिन आणि कोबोल्ड यांची भाऊबंदकी, आणि तळाशी गुल्थियास नावाचं एक भयंकर झाड. एका व्हॅम्पायरच्या छातीत ठोकलेला खुंट रुजून ते झाड झालंय. पुस्तकातलं दुसरं साहस ‘द फोर्ज ऑफ फ्युरी’. दुर्गेद्दिन नावाच्या ड्वॉर्फ लोहाराचा डोंगरातला किल्ला, त्याच्या तलवारींची ख्याती, आणि खालच्या तळ्यात काळा ड्रॅगन. छापील पुस्तकात या दोघांचा संबंध नाही म्हटलं तरी चालेल.

संबंध लावायला लागतो फक्त एक खंजीर. गढीतल्या गॉब्लिन सरदाराच्या कमरेला दुर्गेद्दिनचा शिक्का असलेला खंजीर ठेवा. त्याबद्दल तुम्ही काही बोलू नका. ग्रुपमधला ड्वॉर्फ तो उचलेल, शिक्का कुणाचा म्हणून विचारेल, आणि दुसरं साहस तिथेच पेरलं जाईल. ओकहर्स्टला परत आल्यावर मोहिमेचा खर्च द्यायला पुन्हा केरोविनबाईच पुढे येऊ देत. दुसऱ्या पुस्तकातलं दुसरं गाव, तिसराच पाटील कशाला? नावं कमी ठेवा. लोकांना प्रोफेसरांची नावं आठवत नाहीत, तिथे गावच्या लोहाराचं कुठून आठवणार?

मग पुढे ‘व्हाइट प्लूम माउंटन’. हे १९७९ चं. लॉरेन्स शिकने ते टीएसआर कंपनीत नोकरी मिळावी म्हणून नमुना म्हणून लिहिलं होतं. नोकरीही लागली आणि साहसही छापून आलं. (रेझ्युमे असावा तर असा.) त्यात केराप्टिस या जादूगाराने पळवलेली तीन बोलकी शस्त्रं आहेत: वेव्ह नावाचा त्रिशूळ, ब्लॅकरेझर नावाची आत्मे गिळणारी तलवार आणि व्हेल्म नावाचा हातोडा, जो ड्वॉर्फच्याच हातात शोभावा. झालं की! दुर्गेद्दिनच्या भट्टीजवळच्या भिंतीवर त्या हातोड्याचं चित्र कोरलेलं दाखवा. गॉब्लिनच्या खंजिरापासून ज्वालामुखीपर्यंत एक धावदोरा आला.

पण थांबा. हा दोरा मी इथे कागदावर ओढला, तुमच्या टेबलावर तो चालेलच असं नाही. ग्रुपमध्ये ड्वॉर्फच नसेल. किंवा असेल, पण त्याला खंजिराचं काही पडलेलं नसेल आणि सगळ्यांचा जीव त्या झाडात अडकला असेल. गढीतले गॉब्लिन त्या झाडाची फळं गावात विकत असतात, त्यांच्या बिया जिथे पडतात तिथे काटकुळी, चावरी झुडपं उगवतात. एखादी खेळाडू विचारेल, ‘हे झाड असं एकच आहे का?’ हा प्रश्न आला की हातोडा ठेवून द्या. कारण ‘कर्स ऑफ स्ट्राड’मध्ये, म्हणजे धुक्याने वेढलेल्या बारोव्हियात, येस्टर हिल टेकडीवर अगदी असंच गुल्थियास झाड आहे. व्हॅम्पायरच्या राज्यात जायचं कारण खेळाडूंनीच तुमच्या हातात आणून दिलं. फक्त जाण्याआधी सगळ्यांना स्पष्ट विचारा, कारण त्या धुक्यातून मनात आलं म्हणून बाहेर पडता येत नाही आणि तो मुक्काम महिनोन्‌महिन्यांचा आहे.

म्हणून सगळा नकाशा आधीच आखून बसू नका. हाताशी दोन-तीन पुस्तकं वरवर चाळून ठेवा, प्रत्येकाचं एकेक बी पहिल्या साहसात टाका आणि ग्रुप कशाभोवती घुटमळतो ते बघा. जे उगवलं नाही त्याचं दुःख नको. सनलेस सिटाडेलमध्ये मीपो नावाचा एक रडका कोबोल्ड भेटतो. त्याच्या ताब्यातलं ड्रॅगनचं पिल्लू गॉब्लिनांनी पळवलंय. पुस्तकाच्या दृष्टीने तो फुटकळ पात्र आहे. बहुतेक टेबलांवर मात्र लोक त्याच्या प्रेमात पडतात. पुढच्या साहसात काळा ड्रॅगन आहे आणि इथे ड्रॅगन सांभाळण्याचं वेड असलेला जीव आहे. याहून चांगला सांधा लेखकाला सुचला नसता.

अडचण लेव्हलची येते. फोर्ज ऑफ फ्युरी संपता संपता पात्रं पाचव्या लेव्हलला येतात, व्हाइट प्लूम माउंटन आठव्यासाठी आहे. पुस्तकात मध्ये ‘द हिडन श्राइन ऑफ तमोआचान’ दिलंय. ते मुळात स्पर्धेसाठी, घड्याळ लावून खेळायला रचलेलं, आणि जंगलातल्या एका भग्न देवळात घडणारं. छान आहे, पण आपल्या दोऱ्यात बसत नाही. मी असेन तर सरळ गाळेन. पुस्तकात आहे म्हणून खेळलंच पाहिजे, असा युनिव्हर्सिटीचा नियम नाही. ती तीन लेव्हलची फट तुमच्या ग्रुपच्या मागच्या कर्मांनी भरा. झाड जाळलं होतं का? गॉब्लिनांशी तह केला होता का? शब्द देऊन मोडलेला कोण? दोन-तीन बैठका सहज निघतात. लेव्हल किती राक्षस मारले यावर न देता गोष्टीतला टप्पा गाठल्यावर द्या, म्हणजे हिशोबाची कटकट नाही.

दोन ठिकाणी मात्र जपून. १९८० च्या जेन कॉन संमेलनात स्पर्धेसाठी खेळवलेली गुलामांच्या सरदारांवरची चार साहसं आहेत. तिसऱ्याच्या शेवटी पात्रं पकडली जातात, काहीही केलं तरी, आणि चौथं सुरू होतं ते अंगावरच्या चिंध्यांनिशी कोठडीत. स्पर्धेत ठीक होतं, सगळ्या टेबलांची सुरुवात सारखी हवी होती. पण वर्षभर सांभाळलेली तलवार अशी काढून घेतलीत, तर तुमच्या टेबलावर भांडण होईल आणि चूक तुमची असेल. हरायची वेळ खरोखर आलीच, तर तुरुंग वापरा. जिंकत असताना नको.

दुसरं ‘टूम ऑफ हॉरर्स’, यॉनिंग पोर्टलमधलं शेवटचं. त्यात भिंतीवर एक हिरवा राक्षसी चेहरा आहे, तोंड वासलेला. आत शिरलं की पात्र संपलं. फासा नाही, दुसरी संधी नाही. गायगॅक्सने ते बनचुक्या खेळाडूंची जिरवायला लिहिलं होतं. दोन वर्षांच्या लाडक्या पात्रांचा शेवट तिथे करू नका. त्यासाठी त्या दिवसापुरती वेगळी पात्रं बनवा, मेली तर हसा, आणि त्या थडग्याची खबर मुख्य कॅम्पेनमध्ये अफवा म्हणून पोचवा.

आणि परीक्षा? व्हाइट प्लूम माउंटनमध्ये तीन शस्त्रांकडे जाणारे तीन वेगळे रस्ते आहेत. एका बैठकीला एक रस्ता धरलात, तर इंटर्नल्सच्या आधी त्रिशूळ, नंतर हातोडा, आणि ती आत्मे गिळणारी तलवार थेट सुट्टी लागल्यावर. प्रत्येक बैठकीच्या शेवटी घरी जायच्या आधी एकच विचारा: ‘पुढच्या वेळी तुम्हाला कुठे जायचंय?’ उत्तर वहीत लिहून ठेवा. तुमची तयारी तेवढ्याच पानांची.