मरणाचं भय आणि माणसाचा पिंड

मरणाचं भय सर्वांनाच असतं, असं आपण सहज म्हणतो. पण कुणाला वेदनांची धास्ती असते, कुणाला मागे राहणाऱ्यांच्या पोटापाण्याची, तर कुणाला आपण ‘नसू’ ही कल्पनाच सोसत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड टेम्प्लर यांनी १९७० मध्ये हे भय मोजण्यासाठी १५ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढच्या अनेक अभ्यासांत दिसलं, की ज्यांचा स्वभाव मुळातच चिंतातुर, त्यांचं मृत्युभयही अधिक.

आमच्या खानदेशात या पिंडभेदाची तीन ठळक रूपं मला दिसतात.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) तिशीच्या सुमारास विधवा झाल्या. पदरी तीन मुलं. वैधव्यानंतरच्या गाण्यात त्या हात पाहायला आलेल्या ज्योतिषालाच दारातून परत पाठवतात. उद्याचं आधी कळावं, ही गरजच त्यांना नाही. शेत आणि घरोट थांबत नाहीत. शोक कामाबरोबर गाण्यात येतो.

आसोद्याजवळच भादली. तिथे ५ मे १९१८ रोजी रेल्वेच्या अपघातात बालकवी ठोंबरे गेले. वय अवघं २७. ‘आनंदी आनंद गडे’ लिहिणाऱ्या या कवीने अकारण दाटून येणारी खिन्नताही शब्दांत पकडली. कवितेवरून कवीच्या स्वभावाचं निदान करू नये. पण अशी हुरहुर ज्यांच्या मनात वस्तीला असते, त्यांना ‘कामात मन रमवा’ हा सल्ला पुरत नाही, एवढं ती कविता सांगते.

तिसरं रूप धुळ्याच्या तुरुंगातलं. १९३२ मध्ये विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. आठव्या अध्यायावर बोलताना विनोबा मरणाचं स्मरण रोज ठेवायला सांगतात. पुढे १९८२ मध्ये त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडलं आणि ऐन दिवाळीत, १५ नोव्हेंबरला, पवनारला देह ठेवला. पण हेच रोजचं स्मरण एखाद्या चिंतातुर माणसाची झोप उडवू शकतं.

आपल्या रीतींना हा भेद ठाऊक असावा. आखाजीला घरात पितरांच्या नावाने घागर भरतात, घास टाकतात. त्याच दिवशी माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणतात. रडायचं त्याला घागरीपाशी जागा आहे, गायचं तिला झोक्यावर.

दारावर बसायला जाताना मात्र आपण हे विसरतो. प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवतो: ‘धीर धरा, हे कुणाला चुकलं?’ कामाला लागलेल्या सुनेला आपण कोरडी ठरवतो आणि महिनोन् महिने रडणाऱ्या भावाला कमकुवत. दोघं एकाच माणसासाठी झुरत असतात. सांत्वनाला जाणाऱ्याने आधी थोडं गप्प बसावं आणि समोरच्याला कशाचं भय वाटतंय, ते ऐकावं. बोलायचं ते त्यानंतर.