मुलगा म्हणतो, ‘फ्रॅट’ जॉइन करतोय! अमेरिकी कॉलेजांतील फ्रॅटर्निटी-सोरोरिटी म्हणजे नेमके काय? पालकांनी काय विचारावे?

गेल्या आठवड्यात नाशिकहून मावशीचा फोन आला. तिचा मुलगा यंदाच बारावीनंतर टेक्ससमधल्या एका विद्यापीठात शिकायला गेला आहे. ‘‘अगं, तो म्हणतोय मला बीड मिळालं. आता हा टेक्ससहून बीडला कशाला चाललाय?’’

मावशीला हसू नका. त्याला मिळाली होती ‘बिड’, म्हणजे एका फ्रॅटर्निटीत सामील होण्याचे निमंत्रण. ते स्वीकारायचे की नाही, हे त्याला चार दिवसांत कळवायचे होते. आणि घरात कोणालाच हे प्रकरण काय आहे, ते माहीत नव्हते.

आधी एक दिलासा. मुलगा किंवा मुलगी ‘एमएस’ला गेली असेल, तर हा लेख निवांत वाचा. फ्रॅटर्निटी हा मुख्यतः पदवीच्या चार वर्षांतला प्रकार आहे. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते, त्यातले पदवी शिकणारे सुमारे ३६ हजार. प्रश्न या ३६ हजारांच्या घरचा आहे. आणि तिकडेच स्थायिक झालेल्या, मुले आता कॉलेजात जाऊ लागलेल्या मराठी कुटुंबांचाही.

फ्रॅटर्निटी म्हणजे होस्टेल की क्लब?

दोन्ही, आणि दोन्हीही नाही. फ्रॅटर्निटी मुलांची, सोरोरिटी मुलींची. ही सदस्यत्वाची संघटना असते. कॉलेजातल्या शाखेला ‘चॅप्टर’ म्हणतात, वर राष्ट्रीय मुख्यालय असते. अनेक चॅप्टरचे स्वतःचे घर असते, तिथे काही सदस्य राहतात. नाव दोन-तीन ग्रीक अक्षरांचे. इंजिनीअरिंगची चार वर्षे सिग्मा आणि डेल्टा फळ्यावर पाहिल्यामुळे मला तरी ही नावे गणितातल्या सूत्रांसारखीच वाटतात.

ग्रीक अक्षरांची सुरुवात १७७६ मधली. व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात ‘फाय बीटा कॅपा’ स्थापन झाली. ती पुढे गुणवंतांची संस्था बनली. आजच्या पद्धतीच्या फ्रॅटर्निटीची परंपरा १८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात सुरू झालेल्या ‘कॅपा अल्फा’पासून सांगतात. या संघटना बराच काळ गोऱ्यांपुरत्याच होत्या. म्हणून १९०६ मध्ये कॉर्नेलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ उभी केली, १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात ‘अल्फा कॅपा अल्फा’ ही सोरोरिटी आली. कमला हॅरिस याच सोरोरिटीच्या. धाकटे जॉर्ज बुश येलमध्ये ‘डेल्टा कॅपा एप्सिलॉन’चे अध्यक्ष होते. ओळखींचे जाळे म्हणतात ते हेच. पहिली इंटर्नशिप, पहिली नोकरी अनेकांना याच जाळ्यातून मिळते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

प्रत्येक ग्रीक नाव म्हणजे फ्रॅटर्निटी नाही

इथे बरेच पालक फसतात. ‘टाउ बीटा पाय’कडून ईमेल आला तर पेढे वाटा, ती १८८५ पासूनची, अभियांत्रिकीच्या गुणवंतांची संस्था आहे. ‘थीटा टाउ’, ‘अल्फा कॅपा साय’ या व्यावसायिक फ्रॅटर्निटी. पहिली इंजिनीअरांची, दुसरी बिझनेसवाल्यांची. त्यांत मुले-मुली दोघेही असतात. आपल्याला जिची चिंता करायची ती ‘सोशल’ फ्रॅटर्निटी. तेव्हा मुलाला पहिला प्रश्न : कुठल्या प्रकारची?

प्रवेश कसा मिळतो?

सत्राच्या सुरुवातीला ‘रश’ असतो. मुले घरोघरी फिरतात, गप्पा मारतात, दोन्ही बाजू एकमेकांना जोखतात. मुलींचा रश जास्त शिस्तीचा. अलाबामा विद्यापीठातला तर २०२१ मध्ये टिकटॉकवर गाजला. मग बिड. ती स्वीकारली की काही आठवडे उमेदवारीचे. या काळातल्या मुलाला ‘प्लेज’ किंवा ‘न्यू मेंबर’ म्हणतात. प्रत्येकाला एक ‘बिग’, म्हणजे मोठा भाऊ मिळतो. शेवटी दीक्षाविधी.

खर्चाचे आधीच विचारा. वर्गणी चॅप्टरगणिक बदलते. मोठ्या विद्यापीठांत राहणे-जेवण धरून वर्षाला कित्येक हजार डॉलर होतात. कार्यक्रम चुकवला तर दंड, घरात न राहणाऱ्यांकडूनही घराचे शुल्क, दुसऱ्या वर्षी घरात राहण्याची सक्ती असे मुद्दे करारात असू शकतात. काही ठिकाणी मात्र ते घर कॉलेजच्या डॉर्मपेक्षा स्वस्त पडते, हेही खरे.

मग धोका कुठे आहे?

उमेदवारीच्या त्या आठवड्यांत. तिथे जे चालते त्याला ‘हेझिंग’ म्हणतात. आपण लगेच म्हणतो, रॅगिंगच ते. पण फरक आहे आणि तो समजून घ्यायला हवा.

रॅगिंगमध्ये सीनियर कोणालाही पकडतात. मुलाला ते नको असते, तो घाबरतो, कधीतरी घरी सांगतो. हेझिंगमध्ये मुलाला आत जायचे असते. दार उघडे असते, कोणीही निघून जाऊ शकतो, आणि नेमके म्हणूनच कोणी जात नाही. चार आठवडे सोसले, आता दोनच राहिले, असा हिशेब डोक्यात बसतो. बरोबरच्या मुलांना सोडून कसे जायचे, हेही असते. शिवाय गुप्ततेची शपथ. त्यामुळे घरी फोन येतो तो ‘सगळं मस्त आहे’ असाच.

२०१७ मध्ये लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत मॅक्स ग्रूव्हर हा विद्यार्थी अशाच एका रात्री गेला. नव्या मुलांना फ्रॅटर्निटीचा इतिहास आणि ग्रीक मुळाक्षरे विचारली जात होती. चुकले की कडक दारू प्यायची. त्याच्या रक्तातले मद्याचे प्रमाण ०.४९५ टक्के निघाले. गाडी चालवण्यासाठीची मर्यादा ०.०८ आहे. त्याच वर्षी पेन स्टेटमध्ये टिमथी पियाझा बिड स्वीकारल्याच्या रात्री तळघराच्या जिन्यावरून पडला. घर माणसांनी भरलेले होते. रुग्णवाहिकेसाठी फोन गेला तो सुमारे १२ तासांनी. दोघांच्याही नावाने आज त्या-त्या राज्यात हेझिंगविरोधी कायदा आहे.

‘आपल्या मुलांची’ फ्रॅटर्निटी असेल तर बरी, असे वाटणे साहजिक आहे. १९९० च्या दशकात दक्षिण आशियाई मुलांनी आपल्या संघटना काढल्या. ‘डेल्टा एप्सिलॉन साय’ १९९८ मध्ये ऑस्टिनला सुरू झाली, मुलींची ‘कॅपा फाय गॅमा’ही तिथेच, त्याच वर्षी. घरापासून दूर दिवाळी साजरी करायला माणसे मिळतात, ही मोठी गोष्ट आहे. पण ओळखीचे चेहरे म्हणजे सुरक्षितता नव्हे. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजातला एक विद्यार्थी डोळ्यांवर पट्टी आणि पाठीवर वजनदार बॅग अशा अवस्थेत धक्के खाऊन मेला. ती फ्रॅटर्निटी आशियाई-अमेरिकी मुलांचीच होती. कोर्टाने तिला पेनसिल्व्हेनियातून १० वर्षांसाठी हद्दपार केले.

तपासायचे कसे?

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग अॅक्ट’ हा केंद्रीय कायदा झाला. दोषी ठरलेल्या विद्यार्थी संघटनांची नावे, काय घडले, काय शिक्षा झाली, याचा अहवाल कॉलेजांना आता आपल्या वेबसाइटवर टाकावा लागतो. कॉलेजचे नाव आणि ‘हेझिंग ट्रान्स्परन्सी रिपोर्ट’ एवढे गुगल करा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते नाशिकमधल्या घरात बसून होते.

चॅप्टरला कॉलेजची मान्यता आहे का, हेही पाहा. मान्यता काढून घेतल्यावरही कॅम्पसबाहेर त्याच नावाने घर चालवणारे असतात. त्यांच्यावर कोणाचेच लक्ष नसते. असे निघाले तर माझ्या मते पुढचे प्रश्नसुद्धा विचारू नयेत.

कॉलेज आपल्याला कळवेल, या भरवशावर राहू नका. तिथे कॉलेजात गेलेल्या मुलाच्या नोंदींवर हक्क मुलाचा असतो, पालकांचा नाही. २१ वर्षांखालच्या मुलाने दारूचा नियम मोडला तर कॉलेज घरी कळवू शकते; कळवलेच पाहिजे असे नाही.

आणि आपल्या मुलांची एक वेगळी अडचण. दारू पिण्याचे कायदेशीर वय तिथे २१. अमेरिकी मुलाला पार्टीत पोलिसांनी पकडले तर प्रकरण बहुधा दंडावर मिटते. एफ-१ व्हिसावरच्या मुलाला दारू पिऊन गाडी चालवताना अटक झाली, तर खटल्याचा निकाल लागण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो. मुलाला हे माहीत असतेच असे नाही. सांगा.

फोनवर काय ओळखायचे?

झोप पुरत नाही, तास बुडतात, मध्यरात्री कोणासाठी तरी खाणे आणायला किंवा गाडी चालवायला जावे लागते, फोन काढून घेतात, अचानक पैसे लागतात, आणि विचारले की ‘ते सांगता येत नाही’. यातले दोन-तीन एकदम दिसले तर बारकाईने चौकशी करा. बिड स्वीकारल्याची रात्र, ‘बिग’ कोण ते कळते ती रात्र आणि दीक्षेच्या आधीचे दिवस, या तारखा आधीच विचारून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करायचे ठरवा.

एक गोष्ट मात्र आत्ताच बोलून ठेवा : कोणी बेशुद्ध पडले तर त्याला झोपू द्यायचे नाही, ९११ लावायचे. मदत मागणाऱ्याला दारूबद्दल शिक्षा नाही, असा नियम बहुतेक राज्यांत आणि कॉलेजांत आहे. आणि त्यासाठी घरीही कोणी रागावणार नाही, हे मुलाला आई-बाबांच्या तोंडून ऐकू येऊ द्या.

मावशीने हे सगळे लिहून घेतले आणि रात्री मुलाला फोन लावला. वर्गणीचा आकडा त्याला माहीत होता, घराचा करार त्याने वाचला नव्हता. अहवालाची लिंक तिनेच त्याला पाठवली. त्यात त्या चॅप्टरचे नाव नाही, पण शेजारच्या घराचे आहे. बिडला उत्तर द्यायची मुदत शुक्रवारी संपते. मावशी म्हणाली, ‘‘तो करार मला पीडीएफमध्ये पाठव, मग बोलू.’’