जुने टाइमशेअर घेताना

दुसऱ्याचे टाइमशेअर सदस्यत्व स्वस्तात मिळते, घ्यावे का? निरगुडसरकडचे बांधव आम्हाला विचारतात. स्टर्लिंग (1986) व महिंद्रा हॉलिडेज (1996) या कंपन्यांनी ही पद्धत आपल्याकडे रुजवली. ठरावीक वर्षे रिसॉर्टमध्ये राहण्याचा हा हक्क असतो. पण देखभाल शुल्क दरवर्षी वेगळे भरावे लागते.

समजा, किंमत 50 हजार, मुदत 10 वर्षे उरलेली, शुल्क 15 हजार व दरसाल 7 टक्के वाढ. शुल्कच सुमारे 2 लाख 7 हजार होते! वर्षाला 7 रात्री धरल्या तरी एक रात्र सुमारे 3,700 रुपयांना पडते. न गेल्यास शुल्क सहसा चुकत नाही.

म्हणून उरलेली मुदत, हंगाम, थकबाकी व हस्तांतर शुल्क कंपनीकडून लेखी घ्यावे. मुलांच्या शिक्षणाचा पैसा यात अडकवू नये.