जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी एसएसडीचं बघा

सीईटीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. मुलीने कॉम्प्युटरचं बटण दाबलं, चहा ठेवला, चहा पिऊन झाला, तरी स्क्रीनवर गोल चक्र फिरतंच आहे. अम्मी म्हणते, "बेटा, सायबरवाल्याकडे जाऊन ये." अब्बा म्हणतात, "आता नवाच घ्यावा लागेल." हे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. सात-आठ किंवा दहा वर्षांपूर्वी मुलांच्या शिक्षणासाठी पैसे जमवून घेतलेला कॉम्प्युटर आता इतका रखडतो की त्याला हात लावायचीही इच्छा होत नाही.

पण अशा कॉम्प्युटरमध्ये बहुतेक वेळा सगळंच जुनं झालेलं नसतं. रखडते ती आतली हार्ड डिस्क. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह बसवला की तोच कॉम्प्युटर आणखी काही वर्षं घरचं काम आरामात करतो. इसराफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्या दीनमध्ये नापसंत आहे. चालणारी वस्तू फेकून नवी आणण्याआधी ती सुधारता येते का, हे पाहणं त्यातच येतं. म्हणून एसएसडी कसा निवडायचा, दुकानात काय विचारायचं आणि कुठे फसगत होते, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी रोग ओळखा

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. कॉम्प्युटर रखडत असताना तिथे 'डिस्क'चा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांना चिकटून राहत असेल, तर दोष हार्ड डिस्कचा. 'मेमरी'चा आकडा ९० च्या वर असेल, तर रॅम कमी पडते आहे. ४ जीबी रॅम आजच्या ब्राउझरला पुरत नाही. अशा वेळी एसएसडीसोबत रॅमही ८ जीबी करून घ्यावी.

एसएसडीने काय होणार नाही, तेही माहीत असावं. इंटरनेट संथ असेल तर ते संथच राहील. व्हिडिओ एडिटिंगसारखं जड काम प्रोसेसरवर अवलंबून असतं, तिथे फार फरक दिसणार नाही.

फरक नेमका कशाने पडतो?

हार्ड डिस्कच्या आत एक तबकडी फिरते, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा. तिच्यावर एक सुई पुढेमागे सरकून माहिती शोधते. प्रत्येक वेळी शोधायला साधारण १० मिलिसेकंद जातात. ऐकायला हे काहीच नाही, पण विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली वेगवेगळ्या ठिकाणाहून वाचाव्या लागतात. तिथेच तुमचा चहा पिऊन होतो. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, माहिती चिपमध्ये असते आणि ती मिळायला एक दशांश मिलिसेकंदही लागत नाही. म्हणून सुरू व्हायला पाच मिनिटं घेणारा कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटाच्या आसपास तयार होतो.

तुमच्या कॉम्प्युटरला कोणता बसतो?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात.

पहिला, साटा एसएसडी. अडीच इंची, चपटा, ७ मिलिमीटर जाडीचा. जुन्या हार्ड डिस्कला ज्या दोन केबल लागतात, त्याच याला लागतात. त्यामुळे गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळपास प्रत्येक डेस्कटॉपमध्ये आणि हार्ड डिस्क असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तो बसतो. वेग सेकंदाला साधारण ५५० एमबी.

दुसरा, एम डॉट टू साटा. च्युइंगमच्या पट्टीसारखा दिसतो, थेट मदरबोर्डवरच्या खाचेत बसतो. वेग पहिल्याइतकाच.

तिसरा, एम डॉट टू एनव्हीएमई. दिसायला दुसऱ्यासारखाच, पण काम वेगळ्या मार्गाने करतो. जेन ३ प्रकारात सेकंदाला ३५०० एमबीच्या आसपास, तर जेन ४ मध्ये ७००० एमबीपर्यंत वेग मिळतो.

घोळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्यात. खाच एकच दिसते, पण काही मदरबोर्ड त्यात फक्त साटा घेतात, काही फक्त एनव्हीएमई, काही दोन्ही. साटाच्या पट्टीला टोकाशी बहुधा दोन काप असतात आणि एनव्हीएमईला एक, पण नुसत्या कापावर विसंबू नका. मदरबोर्डचा किंवा लॅपटॉपचा मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या माहितीपुस्तिकेत त्या खाचेपुढे काय लिहिलं आहे ते वाचा. लांबीही बघा. '२२८०' असं लिहिलेलं असतं, म्हणजे रुंदी २२ आणि लांबी ८० मिलिमीटर. काही लॅपटॉपमध्ये त्याहून आखूड पट्टीच बसते.

२०१४-१५ च्या आधीच्या डेस्कटॉपमध्ये ही खाच सहसा नसतेच. तिथे दुकानदार कधी कधी अडॅप्टर लावून एनव्हीएमई घ्यायला सांगतो. तो जोडता येतो, पण अनेक जुने मदरबोर्ड त्यावरून विंडोज सुरूच करत नाहीत. अशा कॉम्प्युटरला सरळ साटा घ्यावा. आकड्यांमध्ये एनव्हीएमई कितीही पुढे असला, तरी फॉर्म भरणं, ऑनलाइन क्लास, टायपिंग आणि हिशेब या कामांत दोघांतला फरक हाताला फारसा जाणवत नाही. हार्ड डिस्कवरून साटावर आल्यावर जो फरक दिसतो, तोच खरा. नव्या मशीनमध्ये एनव्हीएमईची सोय असेल आणि किमतीत फरक नसेल, तर जरूर एनव्हीएमई घ्या, पण जेन ३ पुरे आहे.

किती जीबीचा घ्यावा?

आधी सी ड्राइव्ह किती भरला आहे ते बघा. फक्त विंडोज, ऑफिस आणि ब्राउझर असेल तर २५० जीबीत भागतं. घरात फोटो-व्हिडिओ असतील तर ५०० जीबी बरा. १ टीबी तेव्हाच घ्या, जेव्हा जुनी डिस्क काढून टाकायची आहे आणि सगळा डेटा एकाच ठिकाणी हवा आहे. किंमत बघताना एकूण रकमेपेक्षा एका जीबीला किती पडतात, याचा हिशेब करा. लहान ड्राइव्ह स्वस्त दिसतो, पण जीबीमागे बऱ्याचदा महाग पडतो.

५०० जीबीचा ड्राइव्ह लावल्यावर विंडोज ४६५ दाखवतं, तेव्हा फसवलं असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक आहे. मात्र ड्राइव्ह काठोकाठ भरू नका. १५-२० टक्के जागा मोकळी राहिली तर वेगही टिकतो आणि आयुष्यही.

खोक्यावर काय वाचायचं?

टीएलसी की क्यूएलसी: चिपच्या एका कप्प्यात टीएलसी तीन बिट ठेवते आणि क्यूएलसी चार. क्यूएलसी स्वस्त पडते, पण मोठी फाइल लिहिताना मध्येच संथ होते आणि लवकर झिजते. एकच ड्राइव्ह घ्यायचा असेल तर टीएलसी घ्या.

टीबीडब्ल्यू: ड्राइव्हवर एकूण किती टीबी लिहिता येईल, याची कंपनीने दिलेली हमी. उदाहरणार्थ, सॅमसंगच्या ८७० इव्हो ५०० जीबीवर ती ३०० टीबी आणि ५ वर्षं आहे. घरी रोज २० जीबी लिहिलं गेलं, आणि हे भरपूर झालं, तरी वर्षाला ७.३ टीबी होतात. ३०० टीबी संपायला ४० वर्षं लागतील. म्हणून 'एसएसडी लवकर झिजतो' या भीतीत घरच्या वापरापुरतं फार तथ्य नाही.

वॉरंटी: ३ किंवा ५ वर्षं. ती भारतात मिळते का, हे विचारा. पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा की गावातल्या दुकानात, बिलाशिवाय घेतलेला ड्राइव्ह बंद पडला की बोलायला जागा राहत नाही.

नाव न ऐकलेल्या कंपनीचा, अविश्वसनीय किमतीचा '२ टीबी' ड्राइव्ह ऑनलाइन दिसला तर लांब राहा. अशा काहींमध्ये आत लहानसं मेमरी कार्ड असतं आणि आकडा खोटा दाखवलेला असतो. ठरावीक जागेनंतर लिहिलेलं सगळं गायब होतं. घरी आणल्यावर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर चालवून बघा. ड्राइव्ह आजवर किती तास चालला ते त्यात दिसतं. नव्या म्हणून घेतलेल्या ड्राइव्हवर शेकडो तास दिसले तर त्याच दिवशी परत करा.

बसवण्याआधी एक काम, बाकी सगळं नंतर

हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. काही वर्षांपूर्वी घरातला लॅपटॉप एसएसडी बसवायला दिला होता. संध्याकाळी तो आला, एकदम झपाझप चालणारा. सगळे खूश. दोन दिवसांनी अम्मीने विचारलं, "दादीचं ते रेकॉर्डिंग लाव ना." दादी मरहूम होण्याआधीच्या ईदला तिच्याकडून लहानपणीच्या गोष्टी ऐकून रेकॉर्ड केल्या होत्या. ते रेकॉर्डिंग जुन्या डिस्कमध्ये होतं. दुकानात जाऊन विचारलं तर डिस्क फॉरमॅट होऊन दुसऱ्याच्या मशीनमध्ये गेली होती. दुकानदाराची चूक होतीच, पण देताना आम्ही एका शब्दाने सांगितलं नव्हतं आणि दुसरी कॉपीही ठेवली नव्हती.

म्हणून कॉम्प्युटर उघडण्याआधी सगळे फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रांचे स्कॅन बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या आणि तिथून दोन-चार फायली उघडून बघा. निकाहनामा, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, घराचे कागद यांची एक कॉपी दुसऱ्या घरीही ठेवा, भावाकडे किंवा बहिणीकडे. आणि दुकानात देत असाल तर स्पष्ट सांगा, "जुनी डिस्क आम्हाला परत हवी, फॉरमॅट करू नका." हे पावतीवर लिहून घ्या.

जुनी डिस्क टिकटिक आवाज करत असेल किंवा क्रिस्टलडिस्कइन्फो तिच्यापुढे 'कॉशन' दाखवत असेल, तर एसएसडीची वाट न बघता आजच कॉपी घ्या.

क्लोन की नवीन विंडोज?

क्लोन म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल. सगळं जसंच्या तसं राहतं, पण भरलेला डेटा नव्या ड्राइव्हमध्ये मावला पाहिजे. जुना कॉम्प्युटर व्हायरस आणि नको त्या सॉफ्टवेअरने भरला असेल तर नवीन विंडोज टाकणं चांगलं. विंडोज १० किंवा ११ चं लायसन्स बहुधा मदरबोर्डशी जोडलेलं असतं. त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा टाकल्यावर ती नेटला जोडताच सहसा आपोआप चालू होते.

एक गोष्ट ध्यानात घ्या. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नावनोंदणी केल्यास सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. तुमचा त्याहून जुना असेल तर लिनक्स मिंटचा विचार करा. ते मोफत आहे, ब्राउझर आणि ऑफिसचं काम करतं, मराठी आणि उर्दू दोन्ही टायप होतात. एसएसडीवर ते जुन्या मशीनमध्येही छान पळतं.

जुन्या डिस्कचं काय?

चांगली असेल तर डेस्कटॉपमध्येच दुसरी डिस्क म्हणून राहू द्या किंवा यूएसबी केसमध्ये घालून तिच्यावर बॅकअप ठेवा. एसएसडी बंद पडतो तेव्हा बऱ्याचदा आधी इशारा देत नाही, आणि त्यावरून पुसलेली फाइल परत मिळणं हार्ड डिस्कपेक्षा खूप कठीण असतं. शिवाय एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय कपाटात पडून राहिला तर त्यातली माहिती जाऊ शकते. म्हणून वेगासाठी एसएसडी आणि आठवणींसाठी दुसरी कॉपी, हा हिशेब पक्का ठेवा.

डिस्क विकायची किंवा कुणाला द्यायची असेल तर आधी पूर्ण फॉरमॅट करा, 'क्विक'ची खूण काढून. क्विक फॉरमॅटनंतर घरातल्या बायकांचे फोटो, आधार, बँकेचे कागद परत काढता येतात. ही घराची अमानत आहे, ती भंगारवाल्याच्या हाती जाऊ नये. डिस्क बिघडलेली असेल तर फोडून मगच ई-कचऱ्यात द्या. आणि विकताना तिचे चाललेले तास आणि दोष घेणाऱ्याला आधीच सांगा. मालातला ऐब लपवून विकणं आपल्याला शोभत नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी एवढंच करा: टास्क मॅनेजर बघा, मॉडेल नंबर लिहून घ्या आणि फोटोंची कॉपी घ्या. ड्राइव्ह पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल. कॉपी मात्र त्याच दिवशी घ्या.