वस्ती दहा हजार, मिशेलिन रेस्टॉरंट तीन! इंग्लंडच्या लडलो गावातली ही हॉटेलं गेली कुठे?

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेजवळ श्रॉपशायर परगण्यात लडलो नावाचं गाव आहे. टेम नदीच्या काठावर टेकडी, टेकडीवर नॉर्मन काळातला किल्ला, किल्ल्यासमोर बाजारचौक आणि उतारावर लाकडी चौकटींची जुनी घरं. लोकवस्ती सुमारे दहा हजार. आपल्याकडचं मोठं बाजारगाव म्हणा ना! पण २००० नंतरची काही वर्षं या एवढ्याशा गावात मिशेलिनचा तारा मिळालेली तीन रेस्टॉरंट एकाच वेळी चालू होती. लंडनहून लोक केवळ जेवायला म्हणून इथे येत आणि रात्री मुक्काम करून परतत.

आज त्या तिघांपैकी एकही लडलोत नाही.

असं का झालं, हे समजून घेतलं तर इंग्लंडच्या छोट्या गावात बाहेर जेवायला गेल्यावर बिल एवढं का येतं, सोमवारी दारं बंद का असतात आणि टेबल राखून ठेवताना कार्डाचा नंबर का मागतात, हेही कळतं. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेल्यांना आणि त्यांना भेटायला जाणाऱ्या आई-वडिलांना हे प्रश्न पहिल्याच आठवड्यात पडतात.

(आधीच एक खुलासा. आपण खाण्याच्या जागेला सर्रास 'हॉटेल' म्हणतो. इंग्लंडमध्ये हॉटेल म्हणजे राहण्याची जागा. जेवायचं असेल तर रेस्टॉरंट, कॅफे किंवा पब.)

तीन स्वयंपाकघरं, एक गाव

सुरुवात १९९०च्या दशकाच्या मध्यात झाली. शॉन हिल हे तेव्हाच नाव कमावलेले शेफ. मोठ्या, आलिशान हॉटेलातली नोकरी सोडून ते लडलोत आले आणि कॉर्व्ह स्ट्रीटवर त्यांनी 'मर्चंट हाउस' सुरू केलं. मोजकीच टेबलं. स्वयंपाकघरात हिल जवळजवळ एकटे आणि बाहेरची बाजू पत्नीकडे. नोकरांचा ताफा नाही, पांढऱ्या टोप्यांची रांग नाही. तरीही मिशेलिनचा तारा आला.

१९९७मध्ये ख्रिस आणि जुडी ब्रॅडली या दांपत्याने आपलं 'मिस्टर अंडरहिल्स' पूर्वेकडच्या सफोकमधून इथे, किल्ल्याच्या पायथ्याशी नदीच्या बंधाऱ्याजवळ हलवलं. त्यांच्याकडे मेन्यूत निवड करायची सोय जवळजवळ नव्हतीच. गोड पदार्थाची वेळ येईपर्यंत घरधनी वाढेल ते खायचं. आपल्या खाणावळीचाच नियम म्हणा, फक्त ताट मिशेलिनचं.

२०००मध्ये तिसरं आलं. ल्योंचे क्लोद बोसी आधी गावाजवळच्याच एका हॉटेलात शेफ होते. त्यांनी कॉर्व्ह स्ट्रीटवरच 'हायबिस्कस' उघडलं आणि ते पुढे दोन ताऱ्यांपर्यंत गेलं.

लडलोच का? पहिलं कारण अगदी व्यवहाराचं. लंडनच्या तुलनेत जागा स्वस्त. नवरा-बायकोच्या बचतीत वास्तू घेता येईल, वर राहता येईल, खाली रेस्टॉरंट चालवता येईल, इतपत स्वस्त. दुसरं कारण गावाच्या भोवती होतं. शेजारी हेरफर्ड, म्हणजे त्याच नावाच्या गोवंशाचं मूळ घर. चहूबाजूंना मेंढ्यांची कुरणं, सफरचंदाच्या बागा, हंगामात हरणाचं आणि रानपक्ष्यांचं मांस. सुपरमार्केटच्या जमान्यातही गावात स्वतंत्र खाटीक, बेकरी आणि चीजची दुकानं टिकून होती.

१९९५मध्ये गावकऱ्यांनी किल्ल्यात खाद्यमहोत्सव सुरू केला. त्यातला सर्वांत लाडका कार्यक्रम म्हणजे 'सॉसेज ट्रेल'. तिकीट घ्यायचं, गावातल्या खाटकांची सॉसेजं एकामागून एक चाखायची आणि मत द्यायचं. मिशेलिनचे परीक्षक येण्याआधीपासून या गावाला खाण्याला गुण द्यायची सवय होती.

मग बिनसलं कुठे?

खरं तर एका दिवसात काहीच बिनसलं नाही. 'मर्चंट हाउस' २००५मध्ये बंद झालं. हिल यांनी काही वर्षांनी वेल्समध्ये दुसरं रेस्टॉरंट हाती घेतलं. बोसी यांनी २००७मध्ये 'हायबिस्कस' थेट लंडनच्या मेफेअरमध्ये नेलं. ब्रॅडली दांपत्याने २०१५मध्ये निवृत्ती घेतली. कोणाचंही दिवाळं निघालं नाही, कोणाचा दर्जा घसरला नाही.

पण मुद्दा इथेच आहे. ही तिन्ही रेस्टॉरंट म्हणजे संस्था नव्हत्या, माणसं होती. जो हात कढईवर, तोच हात हिशेबाच्या वहीवर. तो थकला किंवा त्याला मोठं शहर खुणावू लागलं की मागे उरते ती इमारत. आणि लडलोत इमारत हीसुद्धा सोपी गोष्ट नाही. गावात सुमारे पाचशे संरक्षित वास्तू आहेत. अशा वास्तूत बदल करायचा तर स्थानिक प्रशासनाची खास परवानगी लागते. स्वयंपाकघराच्या धुराड्याची जागा बदलणं हेही तिथे कागदपत्रांचं काम होऊन बसतं.

नव्या जोडप्याने आज तोच प्रयोग करायचा ठरवला, तर त्यांच्यासमोरचं गणित १९९५पेक्षा बरंच वेगळं आहे.

२४ पौंडांच्या थाळीत मालकाला काय उरतं?

समजा, मुख्य पदार्थाची किंमत २४ पौंड आहे. इंग्लंडमध्ये मेन्यूवरच्या किमतीत व्हॅट धरलेलाच असतो आणि रेस्टॉरंटमधल्या जेवणावर तो २० टक्के आहे. म्हणजे २४पैकी ४ पौंड सरकारचे. मालकाकडे आले २०. धंद्यातला ढोबळ आडाखा असा, की यातला साधारण तिसरा हिस्सा कच्च्या मालावर जातो आणि तेवढाच पगारांवर. उरलेल्या सहा-सात पौंडांत भाडं, स्थानिक मालमत्ता कर, गॅस-वीज, विमा, कार्ड मशीनचं कमिशन आणि फुटलेल्या बश्या. त्यातून जे वाचेल तो नफा.

गंमत म्हणजे तीच भाजी, तेच मांस दुकानातून घरी नेलं तर बहुतेक खाद्यपदार्थांवर व्हॅट शून्य. थंड सँडविच बांधून नेलं तरी शून्य. पण तेच टेबलावर बसून खाल्लं किंवा गरम करून बांधून घेतलं की २० टक्के! गरम पेस्ट्रीवर कर लावायचा की नाही, यावरून २०१२मध्ये ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांना माघार घ्यावी लागली होती. आपल्याकडे साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर पाच टक्के जीएसटी लागतो, हे आठवलं की फरक लक्षात येतो.

आता पगार. एप्रिल २०१९मध्ये पंचविशीपुढच्या कामगाराचं तासाचं किमान वेतन ८.२१ पौंड होतं. एप्रिल २०२५पासून २१ वर्षांपुढच्या प्रत्येकाला ते १२.२१ पौंड झालं. सहा वर्षांत तासामागे चार पौंडांची वाढ. त्याच महिन्यात मालकाने भरायचा राष्ट्रीय विम्याचा हप्ताही १३.८वरून १५ टक्के झाला आणि तो ज्या पगारापासून सुरू होतो, ती मर्यादा वर्षाला ९,१०० पौंडांवरून ५,०००वर आली. याचा फटका कोणाला? आठवड्याला मोजके तास काम करणारे वेटर आणि भांडी घासणारे ज्यांच्याकडे जास्त, त्यांना. म्हणजे रेस्टॉरंटांनाच.

कामगाराच्या बाजूने पाहिलं तर ही वाढ हवीच होती. दहा-दहा तास उभं राहून काम करणाऱ्याला त्यात घरभाडं भागवायचं असतं. छोट्या गावातल्या मालकाची कोंडी अशी, की मेन्यूवर २४चे २८ पौंड लिहिले तर तेच शेजारी महिन्यातून दोनदा यायचे ते एकदाच येतात. दहा हजारांच्या गावात त्यांच्या जागी बसायला दुसरे शेजारी नसतात.

कोविडकाळात सरकारने हात दिला होता. जुलै २०२०मध्ये जेवणावरचा व्हॅट ५ टक्क्यांवर आणला आणि त्या ऑगस्टमध्ये सोमवार ते बुधवार जेवणाऱ्यांना निम्मी सूट दिली, माणशी कमाल १० पौंड. एप्रिल २०२२पासून व्हॅट पुन्हा २० टक्के झाला. तो कमी करा, ही व्यावसायिकांची मागणी तेव्हापासून कायम आहे.

सोमवारी बंद, आणि कार्डाचा नंबर का?

गावातल्या अनेक रेस्टॉरंटना सोमवार-मंगळवार सुट्टी असते. रिकाम्या टेबलांसाठी शेफ आणि वेटर उभे करणं परवडत नाही, एवढंच. दुपारी दोन-अडीचला आणि रात्री नऊच्या सुमाराला स्वयंपाकघर बंद होतं. 'बघू, साडेनऊला निघू' हा आपला हिशेब तिथे उपाशी ठेवतो.

टेबल राखताना कार्डाचे तपशील मागतात, त्यामागेही साधं गणित आहे. ३० खुर्च्यांच्या जागेत चौघांचं एक टेबल न कळवता आलंच नाही, तर त्या रात्रीच्या धंद्याचा सातवा-आठवा हिस्सा गेला. मासळी आणलेली असते, माणूस बोलावलेला असतो. बेत बदलला तर फोन करा. बहुतेक ठिकाणी ठरलेल्या मुदतीआधी कळवलं तर पैसे कापत नाहीत.

पबमध्ये रीत वेगळी. बऱ्याच पबांत टेबलावर कोणी ऑर्डर घ्यायला येत नाही. टेबलाचा नंबर लक्षात ठेवून काउंटरवर जायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. मद्यपरवाना असलेल्या जागेत मागितल्यावर नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं, तसा नियम आहे. बाटलीच घ्यायला हवी असं नाही.

टिप नक्की कोणाच्या खिशात जाते?

बिलाच्या तळाशी कधी दहा, कधी साडेबारा टक्के 'सर्व्हिस चार्ज' दिसतो. तिथे 'ऐच्छिक' असं लिहिलं असेल तर तो काढून टाका असं सांगता येतं. वाद घालावा लागत नाही. १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झालेल्या कायद्यानुसार टिप आणि सर्व्हिस चार्जची पूर्ण रक्कम कामगारांना द्यावीच लागते, तीही पुढचा महिना संपण्याआधी. मालकाला त्यातला वाटा ठेवता येत नाही आणि टिपांची नोंद तीन वर्षं जपावी लागते.

तिकडे शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना सहसा आठवड्याला २० तास काम करता येतं आणि त्यातली बरीच कामं रेस्टॉरंटमध्येच मिळतात. टिपवाटपाचं धोरण लेखी मागण्याचा त्यांना हक्क आहे.

दारावरचा हिरवा स्टिकर आणि चौदा नावं

दारावर ० ते ५ आकड्यांचा हिरवा-काळा स्टिकर दिसला तर तो स्वच्छतेचा गुण समजा. स्थानिक प्रशासनाचे निरीक्षक अन्न कसं हाताळलं जातं, जागा किती स्वच्छ आहे आणि नोंदी नीट आहेत का, हे पाहून तो देतात. चवीचा त्याच्याशी काही संबंध नाही. वेल्समध्ये २०१३पासून तो दारावर लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये नाही. म्हणजे लडलोतल्या एखाद्या दारावर स्टिकर नसला तरी चालतं, पण काही मैलांवरची सीमा ओलांडली की तो असलाच पाहिजे. तो दिसला नाही तर अन्न मानक संस्थेच्या संकेतस्थळावर नाव टाकून गुण पाहता येतात.

ॲलर्जीच्या बाबतीत मात्र देशभर सक्ती आहे. ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, अंडी, शेंगदाणे, तीळ, मोहरी, सोयाबीन, मासे अशा १४ घटकांपैकी पदार्थात काय आहे, हे विचारल्यावर सांगावंच लागतं. ही यादी मराठी स्वयंपाकघराला लावून पाहा. फोडणीत मोहरी, भाजीत शेंगदाण्याचं कूट, वडीवर तीळ. डबीतल्या हिंगातसुद्धा बहुधा गव्हाचं पीठ असतं! पाहुण्यांना डबा देताना हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

२०१४मध्ये उत्तर यॉर्कशायरमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या एका ग्राहकाने एका भारतीय रेस्टॉरंटमधून जेवण नेलं. ॲलर्जीची कल्पना दिलेली होती. पण खर्च वाचवण्यासाठी बदामाच्या पुडीऐवजी शेंगदाणे असलेलं स्वस्त मिश्रण वापरलं जात होतं. ग्राहकाचा मृत्यू झाला. २०१६मध्ये न्यायालयाने मालकाला सहा वर्षांची कैद सुनावली. तेव्हा वेटरने ॲलर्जीबद्दल विचारलं तर 'काही नाही हो' म्हणून हात झटकू नका, नीट सांगा.

शाकाहारींनीही विचारून घ्यावं. काही ठिकाणी बटाट्याचे चिप्स गोमांसाच्या चरबीत तळतात आणि अस्सल पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं. मेन्यूवर 'व्ही' लिहिलेलं आहे ना, हे पाहणं बरं.

आता लडलोत जेवायचं तर?

तारे गेले म्हणून गाव उपाशी नाही. चौकातला बाजार भरतो, खाद्यमहोत्सव किल्ल्यात होतो, पब आणि कॅफे चालू आहेत. क्लोद बोसी लंडनला गेले, पण त्यांचे भाऊ सेड्रिक यांनी नदीपलीकडे लडफर्ड पुलाशी 'चार्लटन आर्म्स' नावाचा पब चालवायला घेतला. लडलो स्टेशन श्रूझबरी आणि हेरफर्डच्या मधोमध आहे आणि तिथून चौकापर्यंत चालत जाता येतं. फक्त निघण्याआधी वार पाहून घ्या आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळसुद्धा.