पाच कोटींची थैली आणि बारा नावांची यादी

वजनी गटाच्या कबड्डीत निम्मा सामना यादी देण्याच्या आदल्या संध्याकाळीच खेळून होतो. खुलताबादेत असा एक सामना मी जवळून पाहिला. संघ सांभाळणाऱ्याला सगळी पोरं मामा म्हणतात. गट पासष्ट किलोचा, यादीत बारा नावं, त्यात बाहेरगावचे दोनच चालणार, आणि एकदा कागद दिला की बदल नाही. मामांच्या वहीत डाव्या पानावर नावं आणि वजनं, उजव्या पानावर वर्गणी. ती भद्रा मारुतीच्या रस्त्यावरच्या दुकानांतून गोळा केलेली. त्यातून प्रवेश फी, गाडीचं डिझेल आणि रात्रीचं जेवण वजा केलं की उरतं ते फार नसतं.

अडलं होतं डाव्या कोपऱ्यावर. आपला पोरगा चपळ होता, पण चढाईवाला आत शिरला की घाई करायचा. कन्नडकडचा एक तयार खेळाडू यायला राजी होता. फोनवर त्यानं सांगितलेल्या आकड्यात उरलेले बहुतेक पैसे गेले असते.

‘‘मामा, आणाच त्याला. त्यानं घोटा धरला की सुटत नाही,’’ एक जण म्हणाला.

‘‘आणतो की. मग कुणाचा गुडघा गेला तर दवाखान्याचं कोण बघणार? अन् तो काट्यावर सहासष्ट भरला तर?’’

ही दुसरी शंका पोकळ नव्हती. वजनाच्या आदल्या रात्री उपाशी झोपणारी आणि स्वेटर घालून पळणारी पोरं या खेळात सगळ्यांनी पाहिली आहेत. मामांनी बाराही नावं गावातलीच लिहिली आणि थोडे पैसे तसेच ठेवले. ‘‘हात मोकळा पाहिजे,’’ एवढंच म्हणाले. संघ उपांत्य फेरीत हरला, आणि गुण गेले ते डाव्या कोपऱ्यातूनच. तरी मला मामांचा निर्णय आजही चुकीचा वाटत नाही.

प्रो कबड्डीच्या लिलावात हाच हिशेब चालतो, शून्यं तेवढी वाढतात. 2014च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला पाटण्यानं 12 लाख 80 हजार मोजले होते. दहाव्या हंगामापासून प्रत्येक संघाची थैली 5 कोटींची झाली. ती सगळी लिलावात उधळता येत नाही. जे खेळाडू कायम ठेवले त्यांचा मोबदला आधीच त्यातून वजा होतो. म्हणून खरी कसरत लिलावाच्या टेबलावर दिसत नाही. ती त्याआधी, कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं हे कळवण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत चालते. सोडलेला खेळाडू परत हवा असेल तर दुसऱ्यानं लावलेल्या शेवटच्या बोलीइतकी रक्कम देऊन तो घेता येतो, पण असे हक्क मोजकेच असतात आणि त्यासाठी थैलीत पैसेही लागतात.

पुणेरी पलटणनं हे गणित कसं मांडलं ते मुळातून पाहण्यासारखं आहे. 2022 मध्ये त्यांनी दोन इराणी खेळाडू घेतले: फजल अत्राचली 1 कोटी 38 लाखांना आणि मोहम्मद नबीबक्ष 87 लाखांना. तेव्हाच्या 4 कोटी 40 लाखांतली निम्म्याहून जास्त रक्कम दोन माणसांत गेली. संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि जयपूरकडून 29-33 असा हरला. विजेतेपद चार गुणांनी हुकलेला संघ सहसा मोडत नाहीत. पलटणनं मात्र कर्णधार फजलसकट दोघांनाही सोडलं.

ठेवलं कुणाला? अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत. सगळे तरुण खेळाडूंच्या यादीतले, म्हणजे बोलीत न चढलेल्या, ठरीव मोबदल्याचे. त्यामुळे ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या लिलावाला बसताना हाताशी सुमारे 2 कोटी 80 लाख होते आणि संघ बराचसा तयार होता. त्यातले 2 कोटी 35 लाख त्यांनी एकट्या मोहम्मदरेझा शादलूवर लावले. जागा कोणती? डावा कोपरा. मामा हे टीव्हीवर बघत असते तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. पण शादलूनं त्या हंगामात पकडीचे 99 गुण घेतले, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम कर्णधार म्हणून हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादेत पलटणनं हरियाणाला 28-25 असं हरवलं. त्या सामन्यात चार गुणांची निर्णायक चढाई केली ती पंकज मोहितेनं.

शादलूची किंमत सगळ्यांना पाठ आहे. ती देता आली कुणामुळे, हे फारसं कुणी विचारत नाही. ज्या पोरांची बोलीच लागली नाही, त्यांच्या कमी मोबदल्यातून ती मोकळीक आली. संघाच्या व्यवस्थापनाला मी दोष देत नाही. हेरून, शिकवून, वाट पाहून त्यांनी ती पोरं घडवली, आणि अशी नजर लिलावात विकत मिळत नाही. पण मोकळ्या हाताची किंमत कुणीतरी चुकवतंच.

पुढच्याच लिलावात, ऑगस्ट 2024 मध्ये, शादलू 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडे गेला. पलटणनं त्याला परत घेतलं नाही. मध्येच अस्लम जखमी झाला आणि गतविजेते आठव्या स्थानावर घसरले. अंतिम सामना झाला पुण्यात, बालेवाडीत, आणि तिथं शादलूच्या हरियाणानं करंडक उचलला. एकाच खेळाडूवर सगळं अवलंबून होतं, असं यावरून म्हणावं तर 2025 मध्ये शादलूशिवाय पलटण पुन्हा अंतिम फेरीत होती. तिथं दिल्लीकडून 28-31 हरली, एवढंच.

आता वेरूळपासून फुलंब्रीपर्यंत ज्या घरांतली पोरं वजनी गटात खेळतात, त्यांच्या आईवडिलांना एक सांगणं आहे. उद्या एखाद्या संघाचा करार दारात आला, तर पेढे वाटण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: संघ त्याला किती वर्षं आपल्याकडे ठेवू शकतो, आणि दर वर्षी रक्कम किती वाढणार.